प्रवेशाच्या यादीत नाव नाही: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, तरी मे ते ऑगस्ट आमच्या लोकमान्यनगरच्या घरी मुलांची ये-जा चालूच असते. कोणाला चॉइस फिलिंगची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, यादी दाखवायची असते, कोणाला नुसतंच येऊन बसायचं असतं. खालचे प्रश्न त्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे आहेत. मुलांना मी अरे-तुरे करते, इथेही तसंच लिहिलं आहे.

काकू, काल यादी लागली आणि माझं नाव नाही. आता सगळ्यात आधी काय करू?

आज फार काही करायचं नाही. लॉगिन करून निकालाचं पान आणि जागावाटपाची स्थिती पीडीएफमध्ये उतरवून घे, पुढच्या फेरीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही आणि लॅपटॉप मिटव. फेरी दोन-तीन दिवसांवर असेल तर तारखांवर लक्ष ठेवायचं काम आई, बाबा किंवा ताईकडे सोपव. तुझं डोकं आज त्या कामाचं नाही, आणि ते साहजिक आहे.

जेवून घे. रडू आलं तर नळ सोडून, आवाज लपवून रडू नकोस. रात्री अकरानंतर कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. "मला शिकायचंच नाही" किंवा "मिळेल तिथे पैसे भरून मोकळं होऊ" असं जे जे मी ऐकलं, ते बहुतेक मध्यरात्रीनंतर ठरलेलं होतं.

"नाही" म्हणजे नक्की कोण नाही म्हणालं?

हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात. खरं तर पहिल्या आठवड्यात हाच विचारायला हवा, कारण सगळे नकार एका जातीचे नसतात.

सगळ्यात मोठा गट असतो तो जागाच नसल्याचा. २०२४ साली नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या, त्यातही सरकारी साधारण निम्म्या. त्याच वर्षी सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. वीस मुलांमधून एकाला घ्यायचं असेल तर उरलेल्या एकोणीसांत पुष्कळ चांगली मुलं असणारच. शिक्षिका म्हणून सांगते, त्या एकोणीसांना मी वर्गात पाहिलेलं आहे. त्यांना रसायनशास्त्र येत होतं.

दुसरा नकार नियमाचा. जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत रँक चांगली, पण बारावीला ७५ टक्के नाहीत आणि बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्येही नाव नाही, तर खुल्या गटातल्या मुलाला एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत, प्रवेश मिळत नाही. एससी-एसटीसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. तिसरा नकार कागदाचा, चौथा मुलाखतीचा. या दोघांबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुझा नकार यातला कोणता, ते एका ओळीत वहीत लिही. मी मुलांकडून हे लिहून घेते. "मी नालायक आहे" आणि "माझी रँक बंद झालेल्या, म्हणजे शेवटी जागा मिळालेल्या, रँकच्या अकराशे मागे होती" यांत फरक असतो. दुसऱ्या वाक्यावर पुढचं पाऊल टाकता येतं.

९८ पर्सेंटाइल आले म्हणून घरात पेढे वाटले. आता काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांत, मनासारखं काहीच मिळत नाही. आम्ही मूर्ख होतो का?

नाही. पेढे वाटले ते योग्यच केलं. घोटाळा पर्सेंटाइल या शब्दामुळे होतो, कारण कानाला तो टक्क्यांसारखा लागतो. २०२४ ला जेईई मेनच्या पहिल्या पेपरला १४ लाखांवर मुलं बसली. ९८ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ९८ जणांच्या बरोबरीनं किंवा पुढे. म्हणजे दोन टक्के अजून पुढे, आणि १४ लाखांचे दोन टक्के होतात २८ हजार. सगळ्या एनआयटी मिळून जागा साधारण २४ हजार. त्यातल्या आरक्षित वेगळ्या, आणि प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांच्या.

त्या निम्म्या जागांचा उपयोग मात्र करून घे. तू मध्य प्रदेशातून बारावी केलीस तर भोपाळच्या मॅनिटमध्ये, म्हणजे तिथल्या एनआयटीत, तुला राज्याच्या कोट्यातून जागा मिळू शकते, आणि तिथली बंद होणारी रँक बाहेरच्या मुलांपेक्षा वेगळी असते. शिवाय राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाचं काउन्सेलिंग वेगळं चालतं. एसजीएसआयटीएस, म्हणजे इंदूरचं आपलं १९५२ सालचं इंजिनिअरिंग कॉलेज जीएसआयटीएस, त्यातूनच मिळतं. दिल्लीच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसलेली मुलं भोपाळची नोंदणी विसरतात. दरवर्षी एक-दोन तरी असतातच.

आम्ही मराठी. घरात मराठी बोलतो, आत्या पुण्याला कोथरूडमध्ये राहते. मग पुण्याच्या इंजिनिअरिंगला मला "बाहेरचा" का धरलं?

हा प्रश्न आपल्या गावातल्या मराठी मुलांना जेवढा लागतो तेवढा दुसऱ्या कोणाला लागत नसेल. लहानपणापासून सुट्टी पुण्यात घालवलेली, गणपतीत आरत्या तोंडपाठ, इंदुरात शेजारी "मराठी लोग" म्हणून ओळखतात. आणि पोर्टलवर मात्र "महाराष्ट्राबाहेरील उमेदवार". एक मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला होता, "काकू, मग आपण आहोत तरी कुठले?" त्या दिवशी प्रवेशापेक्षा त्याला तेच जास्त लागलं होतं.

उत्तर साधं आहे आणि त्यात तुझ्या मराठीपणाचा काही संबंध नाही. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी बघतात: दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या शाळेतून झाली का, आणि तिथलं अधिवास प्रमाणपत्र आहे का. मातृभाषेचा रकाना त्यात नाही. बदलीच्या नोकरीतल्या काही पालकांसाठी वेगळे नियम आहेत, तसं असेल तर माहितीपुस्तिका नीट वाचा. बाकीच्यांना अखिल भारतीय जागा उरतात, आणि त्या प्रामुख्यानं जेईई मेनच्या गुणांवर भरतात. मेडिकललाही सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या आणि १५ टक्के सगळ्या देशासाठी.

याचा दुसरा अर्थही बघ. मध्य प्रदेशच्या ८५ टक्क्यांत तुझा पूर्ण हक्क आहे, आणि तिथे पुण्याच्या आतेभावाला जागा नाही. घरात हे कोणी बोलत नाही, कारण घराचं तोंड पुण्याकडे असतं. तीन-चार पिढ्या इथे राहिलेल्या घरांतही "पुण्याला पाठवायचं" हे मूल जन्मायच्या आधीपासून ठरलेलं असतं. ती ओढ मी समजू शकते. पण मुलानं सतरा वर्षं जिथे काढली, त्या गावातलं कॉलेज म्हणजे हार, असं त्याला बारावीच्या आधीच शिकवलेलं असतं. नकाराचं निम्मं दुःख तिथून येतं.

बी. ए., बी. एससी., बी. कॉम.चं गणित वेगळं आहे. पुण्याच्या स्वायत्त कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे असतात. आत्याला फोन करण्याऐवजी त्या कॉलेजचं माहितीपत्रक वाच.

नातेवाइकांना काय सांगू? फॅमिली ग्रुपवर सगळे विचारतायत.

एक वाक्य ठरवून ठेव आणि प्रत्येकाला तेच सांग: "पहिल्या फेरीत नाही झालं, पुढचं बघतोय, ठरलं की मीच कळवेन." यापुढे कोणालाही उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. रँक तर अजिबात सांगू नकोस. एकदा आकडा ग्रुपवर गेला की तो लग्नकार्यापर्यंत टिकतो.

हे वाक्य बाबांनी ग्रुपवर टाकलं तर आणखी बरं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांनीच लिहिलं: "चिरंजीव सध्या विश्रांती घेत आहेत, प्रवेशाविषयी विचारणा करू नये." त्यानंतर कोणाची टाप नव्हती.

माझ्या जिवलग मैत्रिणीला मिळालं, मला नाही. तिच्याशी बोलवतच नाही. मी वाईट आहे का?

वाईट नाहीस. दोघी दोन वर्षं एकाच स्कूटीवर भंवरकुआंला क्लासला गेलात, एकाच डब्यातून पोहे खाल्लेत, आणि आता एकीचाच फोटो चौकातल्या फलकावर आहे. पोटात तुटणारच. तिला एक ओळ लिही, "तुझ्यासाठी मनापासून आनंद झाला, पण मला थोडे दिवस दे." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि दोन्ही लिहिता येतात. तिची पार्टी चुकवलीस तरी चालेल. ती जायच्या आधी एकदा भेट मात्र.

आईचा प्रश्न: मुलगी तीन दिवस खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही काय बोलावं?

इथे मला स्वतःचं सांगावं लागेल. मी १९८१ आणि १९८२ अशी दोन वर्षं मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. दोन्ही वेळा नाव नव्हतं. दुसऱ्या निकालानंतर माझे वडील चार दिवस माझ्याशी काही बोलले नाहीत. सकाळी पेपर वाचायचे, ऑफिसला जायचे, संध्याकाळी मान खाली घालून जेवायचे. मी धरून चालले की ते रागावलेत. त्यांची मान मी खाली घातली. पुढे होळकर कॉलेजातून बी. एससी. केलं, एम. एससी. केलं, शाळेत लागले, लग्न झालं. तोवर मी तेच धरून होते. वडील गेल्यानंतर आईनं सांगितलं, "अगं, ते रागावले नव्हते. तुला काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. रात्री उठून बसायचे." एवढी वर्षं एका न बोललेल्या वाक्याचं ओझं मी वाहिलं.

म्हणून काही सुचलं नाही तरी बोला. "मला काय बोलावं कळत नाही, पण मी इथे आहे" हेही चालतं. ताट घेऊन खोलीत जा आणि तिथेच बसून तुम्हीही जेवा. पहिल्या आठवड्यात पर्यायांची यादी वाचून दाखवू नका, अमक्याचा मुलगा नापास होऊनही कसा मोठा साहेब झाला ती गोष्ट सांगू नका. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य तुम्हाला धीर देतं. तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की माझं दुःख यांना दिसत नाही.

"आम्ही किती खर्च केला" हे तर कधीच नको. खर्च तिला माहीत आहे. क्लासच्या फीचे हप्ते कोणत्या तारखेला जायचे ते या मुलांना तोंडपाठ असतं, रात्री बाहेरच्या खोलीतलं तुमचं बोलणं त्यांना ऐकू येतं. पैशाबद्दल बोलायचंच असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, पुढचं ठरवताना, हिशेबाची वही समोर ठेवून सरळ बोला: एवढे आहेत, एवढं कर्ज काढू शकतो, याच्या पुढे नाही. मुलांना खरा आकडा झेपतो. उसासे झेपत नाहीत.

वेटिंगवर आहे. किती आशा धरू?

गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत रँक कुठपर्यंत गेली ते बघ. त्याच्या आसपास असशील तर थांब, फार लांब असशील तर मन दुसरीकडे वळव. जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामाईक जागावाटपात, जागा मिळाली असेल तर फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड यांतला फरक समजून बटण दाब. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागा पक्की. फ्लोट म्हणजे हाती आलेली जागा ठेवून वरच्या पसंतीची वाट बघणं, मग कॉलेज कोणतंही असो. स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरची शाखा. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचं नाही असं कॉलेज यादीत वर घालू नकोस. जोसानंतर एनआयटी आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांतल्या उरलेल्या जागांसाठी सीसॅबच्या विशेष फेऱ्या असतात. आपल्या राज्यातल्या साध्या पदवी कॉलेजांत शेवटी कॉलेज लेव्हल काउन्सेलिंग होतं, लोक त्याला सीएलसी म्हणतात.

हाताशी एक जागा घेऊन वाट बघायला हरकत नाही. फी अडकेल या भीतीनं मुलं नको तिथे राहतात. २०२४-२५ साठी विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापायचे. तारखा वर्षागणिक ठरतात, त्या वर्षीचं परिपत्रक काढून ठेव. कॉलेजनं मूळ गुणपत्रिका स्वतःजवळ अडकवून ठेवायच्या नाहीत, असंही आयोगानं सांगितलेलं आहे. पडताळून परत द्यायच्या. "ओरिजिनल जमा करा, मग बघू" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे परिपत्रक दाखवा.

एक गृहस्थ फोन करून म्हणतात, एमबीबीएसची जागा "करून देतो". बाबा जरा डळमळलेत.

बाबांना हे वाचायला दे. एमबीबीएसचा प्रवेश, खासगी कॉलेजातला मॅनेजमेंट कोटा धरून, नीटच्या गुणांवर आणि सरकारी काउन्सेलिंगमधूनच होतो. फोनवर जागा कोणालाच देता येत नाही. निकालाच्या आठवड्यात यांचे फोन येतात, कारण त्याच आठवड्यात माणसं खचलेली असतात. मुलाचं नाव, रँक, बाबांचा नंबर सगळं त्यांच्याजवळ असतं, त्यानं भुलू नका. काही लाख टोकन म्हणून दिलेली घरं मी पाहिली आहेत. पैसे तर गेलेच, पण "माझ्यामुळे गेले" हे त्या मुलांच्या मनात बसलं, ते जास्त वाईट झालं.

ड्रॉप घेऊ का?

माझं मत स्पष्ट आहे: ड्रॉप, म्हणजे वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं, दुःखाच्या भरात घ्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या भीतीनं टाळायचाही नाही. निकालानंतर किमान तीन आठवडे जाऊ देत.

मग नियम बघ. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. बारावीच्या वर्षी एकदा दिली असेल तर आता शेवटची संधी. आधी आयआयटीतली जागा स्वीकारली असेल तर तीही नाही. जेईई मेनची वर्षातून दोन सत्रं असतात आणि त्यांतले चांगले गुण धरतात. नीट वर्षातून एकदा, पण कितीदा द्यायची याला मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. ही मोकळीक वाटते तेवढी गोड नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा देणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांचं मित्रमंडळ पांगलेलं असतं, "अजून तेच चाललंय?" हा प्रश्न टाळायला ती गणपतीच्या आरतीलाही उतरत नाहीत. किती वेळा, हे पहिल्या ड्रॉपच्या आधी ठरवून कागदावर लिही आणि तो कागद आईजवळ दे.

त्यानंतर स्वतःला एकच गोष्ट विचार: मागच्या वर्षी गुण कुठे गेले ते मला नेमकं माहीत आहे का? सोडवलेले पेपर काढ. "सेंद्रिय रसायनात दर वेळी वीस गुण गेले, कारण तो भाग मी घाईत उरकला होता" असं सांगता येत असेल तर वर्ष देण्यात अर्थ आहे. "अजून जास्त मेहनत करीन" एवढंच सांगता येत असेल तर मी थांबवते. मेहनत तर तू मागच्या वर्षीही केलीस.

मधला रस्ताही आहे. होळकरमध्ये किंवा देवी अहिल्या विद्यापीठाच्या एखाद्या विभागात प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची. दोन्हीकडे ओढाताण होते, हे खरं. तरी काही मुलांना ते मानवतं, कारण रोज सकाळी घराबाहेर पडायला कारण असतं. आणि एकदोन जण त्या बी. एससी.तच इतके रमले की फेब्रुवारीत फॉर्म भरायलाच विसरले. त्यांच्यासाठी मला फार बरं वाटलं होतं.

मुलाखतीत नाकारलं. लेखी परीक्षेत तर चांगले गुण होते. म्हणजे त्यांना मीच आवडलो नाही ना?

आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा आयपीएम अभ्यासक्रम २०११ ला सुरू झाला, तेव्हापासून हे रडणं आमच्या गावात आलं. राऊची टेकडी घरून दिसते आणि आत जाता येत नाही. मुलाखतीचा नकार सगळ्यात जास्त अंगाला लागतो, कारण समोर माणसं असतात.

पण त्यांनी तुला काही मिनिटं पाहिलं. सतरा-अठराव्या वर्षी अनोळखी माणसांसमोर किती बोलता येतं, एवढंच त्यांना दिसलं. मराठी घरांत मोठ्यांपुढे कमी बोलायला शिकवतात, तेही तिथे आड येतं, आणि त्यात तुझा दोष नाही. ते प्रश्न आठवतील तसे लिहून ठेव आणि मामाला किंवा शेजारच्या काकांना समोर बसवून मोठ्यानं उत्तरं दे. बोलण्याचा सराव झाला की फरक पडतो, मी पाहिला आहे.

कागदामुळे प्रवेश गेला. रँक होती. हे कसं सोसायचं?

हा सगळ्यात कडू नकार. इथे "जागाच कमी होत्या" असंही म्हणता येत नाही. राग येऊ दे. घरात एकमेकांवर ढकलणं मात्र थांबवा. "तू बघायचं होतंस", "तुम्ही तहसीलला जायचं होतंत" यातून काही परत येत नाही.

पुढच्यांसाठी तीन गोष्टी सांगून ठेवते. जोसासाठी ओबीसी नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेले लागतात, आणि ते केंद्राच्या नमुन्यात असावे लागतात. मागच्या वर्षीचा दाखला चालत नाही. दुसरं, आपल्या मराठी घरांचं खास: आजोबांचा महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे तसाच चालेल असं धरू नका. जातींच्या याद्या राज्यवार आहेत, तिथे यादीत असलेली जात इथल्या यादीत नसूही शकते. हे अकरावीतच तपासा. तिसरं, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि मध्य प्रदेशचा समग्र आयडी यांवर नावाचं स्पेलिंग एकच करून घ्या. आपली आडनावं हिंदीतून इंग्रजीत जाताना हमखास बदलतात.

शेवटी गावातच राहिले. सगळ्या मैत्रिणी बाहेर. लाज वाटते.

पहिले दोन महिने वाटेल. मैत्रिणींच्या हॉस्टेलच्या फोटोंनी जीव जळेल, तेव्हा ते ॲप काही दिवस काढून टाक.

होळकर कॉलेज १८९१ चं आहे. विद्यापीठ १९६४ चं, आणि त्याचा खंडवा रोडचा तक्षशिला परिसर तुझ्या घरून सिटी बसनं गाठता येतो. दारं बंद झालेली नाहीत, फक्त तीन-चार वर्षं पुढे सरकली आहेत. आयआयटीत एम. एससी.ला जायला जॅम, एम. टेक.साठी गेट, आयआयएमसाठी कॅट, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. पात्रतेच्या अटी पुऱ्या केल्या की तू पदवी कोणत्या कॉलेजातून घेतलीस याच्यावर यातली कोणतीच परीक्षा तुला अडवत नाही. जॅमसाठी दुसऱ्या वर्षापासून तयारी करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. प्रयोगशाळेत वेळ काढ, एका तरी प्राध्यापकांशी नीट ओळख कर. घरी राहून शिकताना एक धोका असतो: संध्याकाळी चारला घरी येऊन दार लावून बसायचं. तो टाळ. वाचनालय, नाटकाची तालीम, सानंद या आपल्या मराठी संस्थेचे कार्यक्रम, काहीही चालेल, पण अंधार पडल्यावरच घरी ये.

वाईट वाटणं किती दिवस ठीक? कधी घाबरावं?

दोन आठवडे मन उदास राहणं, झोप मोडणं, भूक मरणं हे होऊ शकतं, आणि बहुतेकांचं हळूहळू हलकं होत जातं. दोन आठवडे झाले तरी तसंच असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. ताप उतरला नाही तर जातोच ना, तसंच.

काही गोष्टींसाठी दोन आठवडेही थांबायचं नाही. मूल "माझ्याशिवाय तुमचं बरं होईल" असं बोललं, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, निरोपासारखे मेसेज पाठवू लागलं, किंवा फार अस्वस्थ असताना अचानक एकदम शांत झालं, तर त्याच क्षणी जवळ बसून सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेक वेळा मूल सुटल्यासारखं बोलू लागतं. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या औषधांचा डबा आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

टेली-मानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आधाराची सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या गावात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. प्रसंग तातडीचा असेल तर ११२ फिरवा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. लोक काय म्हणतील हा विचार नंतर.

आणि तू स्वतः हे वाचत असशील आणि तुझ्या मनात असं येत असेल, तर आत्ता उठून घरातल्या कोणाला तरी जागं कर. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

धाकटा भाऊ दहावीत आहे. त्याच्यावर परिणाम होईल का?

होतो. तो सगळं बघत असतो. त्याला एवढंच सांगा की दादाला वाईट वाटतंय आणि त्यात कोणाची चूक नाही. "तू तरी नाव काढ" हे त्याला कृपा करून सांगू नका.

हॉल तिकीट, स्कोअरकार्ड, सगळी फाइल फाडून टाकावीशी वाटते.

अजून नको. हॉल तिकीट आणि स्कोअरकार्ड शेवटच्या फेरीपर्यंत लागतं, काही ठिकाणी प्रवेश झाल्यावरही पडताळणीला मागतात. एका मुलानं खरंच फाडलं होतं. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून सेलोटेपनं जोडलं, आणि तेच घेऊन तो सीएलसीला गेला. गुणपत्रिका, टीसी आणि मायग्रेशन या तीन मूळ प्रती तर आयुष्यभर सांभाळायच्या. बाकी फाइल आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दे, म्हणजे येता-जाता डोळ्यांसमोर येणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत निघेल, तेव्हा काय करायचं ते ठरव.